सुसान्ना, शोशन्ना आणि आमची कमयाबाई

आमच्या गल्लीत एक परिचारिका राहतात. त्या मूळच्या नवापूरकडच्या. नोकरीच्या निमित्ताने जळगावात येऊन त्यांना आता तीस वर्षे होत आली आहेत, आणि लहानापासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे त्यांना ‘सिस्टर’ एवढेच म्हणत असल्यामुळे त्यांचे खरे नाव काय, हे मला गेल्या पावसाळ्यापर्यंत माहीत नव्हते. ते कळले एका शपथपत्रामुळे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्यांचे नाव ‘सुसाना’ आहे, शिधापत्रिकेवर ‘सुजाना’, आधार कार्डावर ‘सुसन्ना’ आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर ‘सुसान्ना’. निवृत्ती दोन वर्षांवर आलेली, आणि ही चारही नावे धारण करणारी व्यक्ती एकच आहे असे प्रतिज्ञेवर लिहून दिल्याशिवाय कागद पुढे सरकणार नाहीत असे त्यांना सांगण्यात आले होते. मी हयातभर शाळेत मराठी शिकवले, म्हणून मसुदा करून घ्यायला त्या माझ्याकडे आल्या. लिहिता लिहिता मी सहज विचारले, “सिस्टर, या नावाचा अर्थ काय हो?” त्या म्हणाल्या, “शास्त्रातलं नाव आहे, सर. आजोबांनी ठेवलं. अर्थ कोणी सांगितला नाही.”

मसुदा अर्ध्या तासात झाला. अर्थाच्या मागे मात्र मी पुढचे तीन महिने होतो.

नाव शास्त्रातले, म्हणजे बायबलमधलेच आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात येशूबरोबर गावोगाव फिरणाऱ्या आणि स्वतःच्या पैशाअडक्याने त्या मंडळींची सोय पाहणाऱ्या काही स्त्रियांचा उल्लेख येतो. त्यांत मग्दालीया मरीया आहे, हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना आहे आणि तिसरी सुसान्ना आहे. मरीयेच्या अंगातून सात भुते निघाली होती असे लूक सांगतो, योहान्नाच्या नवऱ्याचे नाव आणि हुद्दा सांगतो. सुसान्नाविषयी मात्र नावापलीकडे एक अक्षर लिहीत नाही, आणि उभ्या नव्या करारात ती पुन्हा कुठे दिसत नाही. ज्या बाईबद्दल काहीच सांगितलेले नाही, तिचे नाव दोन हजार वर्षे लेकींना ठेवले जात आहे, याचे मला नवल वाटले. पुढे कळले की त्या लोकप्रियतेचे कारण दुसरीच एक सुसान्ना आहे. तिच्याकडे मी नंतर येतो.

सुसान्ना हे ग्रीक रूप आहे. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला आणि त्या भाषेत ‘श’ हा ध्वनी नव्हता, त्यामुळे लिपीत त्याच्यासाठी अक्षरही नव्हते. हिब्रूतून येणाऱ्या प्रत्येक ‘श’ला ग्रीकच्या वेशीवर ‘स’ होऊनच आत यावे लागे. मराठी वाचकाला हे चटकन पटेल असे उदाहरण आपल्याच शास्त्रात आहे: जुन्या करारातली नावे मराठीत हिब्रूला धरून लिहिली गेल्यामुळे आपल्याकडे शलमोन आणि शमुवेल असा ‘श’ टिकून आहे, आणि तीच नावे इंग्रजीत ग्रीक-लॅटिनच्या वाटेने गेल्यामुळे सॉलोमन आणि सॅम्युएल अशी झाली आहेत. त्याच वाटेने सुसान्नाला धरून मागे चालत गेले की ‘शोशन्ना’ हे हिब्रू रूप भेटते. पहिल्या दोन्ही ‘श’चे ‘स’ झाले, शेवटचे जोड ‘न्न’ मात्र जसेच्या तसे राहिले.

यात ग्रीकांचे काही चुकले असे म्हणण्याचा अधिकार निदान आम्हा खानदेशी लोकांना नाही. आमच्या अहिराणीत आणि लेवा गणबोलीत ‘ळ’ टिकत नाही, त्याचा ‘य’ होतो. शाळेची शाया होते, डोळ्याचा डोया होतो, आणि ज्या जिल्ह्याचे अर्धे अर्थकारण केळीवर चालते त्या जिल्ह्यात केळीला केयी म्हणतात. आसोद्याच्या बहिणाबाईंनी ओढाळ मनाला ‘वढाय’ म्हटले आणि तो ‘य’ साऱ्या महाराष्ट्राने कौतुकाने स्वीकारला. नावेही या नियमातून सुटत नाहीत. माझ्या आजीचे नाव कमळाबाई होते आणि आयुष्यात तिला कोणी कमळाबाई म्हणून हाक मारल्याचे मला आठवत नाही. ती सगळ्यांची कमयाबाई होती. सातबाऱ्यावर ती कमळाबाई, मतदारयादीत कमलाबाई आणि शिधापत्रिकेवर नुसतीच कमल. ती गेल्यावर वारसनोंदीच्या वेळी या तिघी एकच असल्याचे आम्हाला सिद्ध करावे लागले, तेव्हा सिस्टरांची अडचण मला पहिल्या वाक्यातच कळली होती. मात्र या दोन नावांचा एकमेकींशी काही संबंध निघेल अशी पुसटशी कल्पना मला त्या वेळी नव्हती.

शोशन्ना म्हणजे फूल, हे पहिल्याच कोशात सापडले. कोणते फूल, हे ठरवताना मात्र माझी पुरती दमछाक झाली. हिब्रू शास्त्रात हा शब्द स्त्रीचे नाव म्हणून येत नाही, फूल म्हणूनच येतो. गीतरत्नात प्रेयसी स्वतःला खोऱ्यातली शोशन्ना म्हणवते आणि प्रियकर तिला काट्यांमधली शोशन्ना म्हणतो. काही स्तोत्रांच्या मथळ्यांत ‘शोशन्नीम’ हे अनेकवचन येते. ते बहुधा गाण्याच्या चालीचे नाव असावे. इंग्रजी भाषांतरे या शब्दाला लिली म्हणतात. आजच्या इस्रायलमध्ये सामान्य माणसाला विचारले तर तो शोशन्ना म्हणजे गुलाब असे सांगेल, आणि वनस्पतिशास्त्राचा जाणकार त्याला थांबवून लिलीसाठी ‘शोशन’ हा शब्द आहे असे बजावेल. पूर्व युरोपातून तिकडे गेलेल्या कितीतरी ज्यू स्त्रियांनी आपल्या यिद्दिश नावातला गुलाब हिब्रूत आणण्यासाठी शोशना हे नाव घेतले, त्यामुळे हा गुलाबाचा अर्थ घराघरात पक्का झाला. हिब्रूत सहा या संख्येला ‘शेश’ म्हणतात आणि लिलीला सहा पाकळ्या असतात, म्हणून शोशन्ना, अशीही एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ऐकायला ती छान आहे. खानदेशाची व्युत्पत्ती कोणी खानावरून करतो, कोणी कान्हदेशावरून आणि कोणी खांडववनावरून, त्याच जातीची ती मला वाटते.

शब्दाचे खरे माहेर इजिप्तमध्ये आहे. प्राचीन इजिप्ती लेखनात स्वर लिहीत नसत, त्यामुळे त्या शब्दाची स-श-न एवढी व्यंजने आपल्यापर्यंत पोहोचली आहेत. त्याच भाषेच्या कॉप्टिक या उत्तरकालीन रूपात तो शब्द स्वरांसह ‘शोशेन’ असा सापडतो. त्याचा अर्थ लिली नाही आणि गुलाब तर नाहीच नाही. त्याचा अर्थ नाईल नदीच्या संथ पाण्यात उगवणारे कमळ.

हे वाचले त्या रात्री मी आजीचा जुना फोटो काढून बघत बसलो होतो, हे कबूल करतो. पण मास्तरकीची सवय जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली शंका आली ती अशी की नाईलमधले कमळ म्हणजे आपले कमळ का? त्याचे उत्तर शोधायला मला लांब जावे लागले नाही. एरंडोलजवळ पद्मालय आहे, जिथे एकाच गाभाऱ्यात उजव्या आणि डाव्या सोंडेचे दोन स्वयंभू गणपती शेजारी शेजारी बसले आहेत आणि देवळासमोरच्या तळ्यातल्या कमळांवरून त्या जागेला नाव पडले आहे. तळ्याच्या काठावर बसून पाहिले की कमळाचे पान पाण्यापासून वर, देठावर छत्रीसारखे उभे राहिलेले दिसते. ते पुरते गोल असते, देठ त्याच्या मध्यभागी खालून चिकटलेला असतो, आणि ओंजळभर पाणी टाकले तर ते पानावर पसरत नाही, पाऱ्यासारखे गोळा होऊन इकडून तिकडे धावते. गीतेतला ‘पद्मपत्रमिवाम्भसा’ हा दृष्टान्त याच पानाचा. आता माझ्या अंगणात एक तडा गेलेली सिमेंटची टाकी आहे, तिच्यात मी रोपवाटिकेतून ‘कमळ’ म्हणून आणलेले एक झाड लावले आहे. त्याचे पान पाण्यावर पालथे पडून तरंगते, आणि त्याला देठापर्यंत जाणारी एक खाच असते, जणू भाकरीतून कोणी त्रिकोणी घास तोडून घेतला आहे. ते कमळ नव्हे. संस्कृतात त्याच्या पांढऱ्या, रात्री उमलणाऱ्या जातीला कुमुद म्हणतात आणि निळ्या, दिवसा उमलणाऱ्या जातीला नीलोत्पल. रोपवाटिकेवाल्याला हे सांगून पाहिले. त्याने “सर, गिऱ्हाईक कमळच मागतं” असे उत्तर दिले आणि ते बिनतोड होते.

नाईलमधले मूळचे फूल या दुसऱ्या घराण्यातले आहे. तिथे पांढरे होते ते रात्री उमलणारे आणि निळे होते ते सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटणारे. सूर्याबरोबर उघडणाऱ्या त्या निळ्या फुलातून सृष्टीच्या आरंभी सूर्यच बाहेर आला अशी इजिप्ती लोकांची कल्पना होती आणि नेफेर्टेम हा त्यांचा देव डोक्यावर तेच फूल घेऊन उभा असतो. विष्णूच्या नाभिकमळातून ब्रह्मदेव निघालेला ऐकत वाढलेल्या माणसाला हे परके वाटत नाही. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने इजिप्तचे निळे फूल आणि श्रीलंकेचे राष्ट्रीय फूल हे एकाच जातीचे दोन प्रकार आहेत. आपले खरे, उभ्या पानांचे कमळ इजिप्तमध्ये पोहोचले ते फार उशिरा, इराणी सम्राटांच्या अमलाच्या सुमारास. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटस तिकडे गेला तेव्हा त्याने नदीतल्या दोन वेगळ्या फुलांचे वर्णन केले आहे: लोक ज्याचे बी वाळवून, दळून भाकरी करतात ते एक, आणि गुलाबासारखे दिसणारे दुसरे. दुसरे आपले. म्हणून काटेकोरपणे बोलायचे तर शोशन्ना या नावाची मराठी बहीण कमळा नव्हे. ती कुमुद किंवा उत्पला आहे. आमच्या आजीच्या पिढीत या एका तळ्यातून किती नावे निघाली होती पाहा: कमळा, पद्मा, नलिनी, सरोज, कुमुद, कुमुदिनी. आता वर्गाच्या हजेरीपटावर त्यांतले एकही दिसत नाही.

शब्द इजिप्तमधून हिब्रूत आला तेव्हा त्याच्याबरोबर फूलही आले होते का, हा प्रश्न उरतोच. यरुशलेमच्या आसपास नाईल नाही. डोंगरउतार, खडक आणि पावसाळी ओहोळ आहेत. तरीही शलमोनाच्या मंदिराच्या वर्णनात दारासमोरच्या दोन खांबांच्या माथ्यावर ‘शोशन’ची घडण होती असे म्हटले आहे, आणि तिथल्या ओतीव गंगाळाचा काठ पेल्यासारखा, शोशनच्या फुलासारखा होता. इजिप्तमध्ये खांबांच्या माथ्यावर कमळ कोरण्याची रीत फार जुनी, त्यामुळे दगडात आणि पितळेत कमळाचा अर्थ टिकला असावा आणि रानात, बोलण्यात तो शब्द तिथल्या एखाद्या कोरडवाहू फुलाला चिकटला असावा, असे मला वाटते. माणसे गाव सोडतात तेव्हा जुन्या गावातल्या झाडांची नावे नव्या गावातल्या झाडांना देतात, हे काही नवे नाही.

आता ती दुसरी सुसान्ना. दानिएलाच्या ग्रीक पुस्तकाला एक जास्तीचा अध्याय आहे. कॅथलिक शास्त्रात तो तेरावा अध्याय म्हणून छापला जातो, प्रॉटेस्टंट शास्त्रात तो नाही, आणि म्हणून सिस्टरांनी ही गोष्ट आयुष्यात ऐकली नव्हती. बाबेलमधल्या योवाकीम नावाच्या श्रीमंत गृहस्थाची सुसान्ना ही देखणी आणि धर्मशील बायको. न्यायनिवाड्यासाठी घरी येणारे दोन वडीलधारे पंच तिच्यावर डोळा ठेवतात, बागेत ती स्नानाला आली असता तिला एकटीला गाठतात आणि आमचे ऐक, नाही तर तू परपुरुषाबरोबर होतीस अशी साक्ष देऊ, अशी धमकी देतात. ती ओरडते. पंच आपली धमकी खरी करतात, लोक पंचांवर विश्वास ठेवतात आणि तिला मृत्युदंड सुनावतात. तेवढ्यात दानिएल नावाचा तरुण उठतो, दोघांना वेगवेगळे उभे करतो आणि एकच प्रश्न विचारतो: तुम्ही यांना कोणत्या झाडाखाली पाहिले? एक एका झाडाचे नाव घेतो, दुसरा दुसऱ्याच. साक्षीदारांना एकमेकांपासून लांब ठेवून उलटतपासणी घेण्याची ही फार जुनी नोंद आहे आणि कोर्टात कारकुनी केलेल्या माझ्या एका मित्राला ती भलतीच आवडली.

मला आवडला तो श्लेष. पहिला पंच ‘स्खिनोस’ या झाडाचे नाव घेतो, तेव्हा दानिएल म्हणतो की देवदूत तुझे ‘स्खिझेइन’ करील, म्हणजे तुला उभा चिरील. दुसरा ‘प्रिनोस’ म्हणतो, तेव्हा तो म्हणतो की देवदूत तुझे ‘प्रिझेइन’ करील, म्हणजे करवतीने कापील. तिसऱ्या शतकात ज्युलियस आफ्रिकानस नावाच्या चिकित्सक गृहस्थाने ओरिजेन या पंडिताला पत्र लिहून हेच बोट ठेवले: हा श्लेष ग्रीक भाषेतच जुळतो, म्हणजे गोष्ट मुळात ग्रीकमध्ये रचलेली आहे आणि हिब्रू दानिएलाच्या नावावर खपवलेली आहे. ओरिजेनने जे सविस्तर उत्तर दिले त्यात एक मुद्दा असा होता की मूळ हिब्रूत वेगळी झाडे आणि वेगळा श्लेष असेल, आणि भाषांतरकाराने आपल्या भाषेत जुळणारी जोडी शोधून काढली असेल. मी वही घेऊन बसलो. ‘चिंचेखाली पाहिले म्हणतोस? मग देवदूत तुला चिरील. करवंदीखाली पाहिले म्हणतोस? मग देवदूत तुला करवतीने कापील.’ दहा मिनिटेही लागली नाहीत, आणि दुसऱ्या जोडीत तर मूळचे करवतही हाती राहिले. बहुतेक अभ्यासक आज आफ्रिकानसच्या युक्तिवादाला वजन देतात. पण करवंदीच्या जाळीत उभे राहून पाहिले तर ओरिजेन अगदीच हवेत बोलत नव्हता, एवढे मी माझ्यापुरते म्हणतो.

खोट्या आळातून सुटलेली ही स्त्री सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना फार जवळची वाटली. छळाच्या काळात रोमच्या भुयारी दफनभूमींच्या भिंतींवर त्यांनी तिची चित्रे काढली, आणि पुढे त्याच शहरात सुसान्ना नावाच्याच एका संतेचे नाव जोडले गेले, जिचा सण 11 ऑगस्टला येतो. नाव घराघरात गेले ते या वाटेने.

पूर्वेकडची वाट वेगळी आहे आणि ती मला जास्त आवडते, कारण तिथे ग्रीकांची वेस मध्ये आली नाही आणि ‘श’ वाचला. आर्मेनियन भाषेत ‘शूशान’ हे फूलही आहे आणि मुलीचे नावही. त्याचे लाडके रूप ‘शूशानिक’. याच नावाची एक आर्मेनियन राजकन्या पाचव्या शतकात जॉर्जियात नांदत होती. नवऱ्याने इराणी राजाला खूश करण्यासाठी धर्म बदलला, तिने बदलायला नकार दिला आणि वर्षानुवर्षांच्या कैदेनंतर ती मेली. तिच्या हौतात्म्याची तिच्याच पुरोहिताने लिहिलेली हकिकत ही जॉर्जियन भाषेतली आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी साहित्यकृती मानली जाते. एका भाषेच्या साहित्याचा आरंभच कमळ नावाच्या बाईपासून व्हावा, हे मला विलक्षण वाटते.

फारसीत तेच फूल ‘सूसन’ झाले आणि अरबीत ‘सौसन’. दोन्हीकडे मुलींना हे नाव ठेवतात. फारसी कवींनी या फुलाच्या लांब पाकळ्यांना जिभा म्हटले आणि दहा जिभा असूनही मुकी राहणारी सूसन हा संकेत रूढ केला. बुऱ्हाणपूरच्या फारूकी सुलतानांनी खानदेशावर 1382 ते 1601 एवढा काळ राज्य केले, पुढे मोगल आले, म्हणजे ही दहा जिभांची मुकी सूसन आमच्या तापीच्या काठी शेरांमधून कितीदा तरी येऊन गेली असणार. अरबीतला शब्द उपपद सोबत घेऊन स्पेनमध्ये उतरला आणि त्याचा ‘असुसेना’ झाला. तिथे आज सुसाना नावाची एक बहीण आणि असुसेना नावाची दुसरी एकाच घरात असू शकते. एक ग्रीक-लॅटिनच्या दाराने आलेली, दुसरी अरबीच्या, आणि दोघींचे माहेर नाईलच्या पाण्यात.

एक खोटी नातलगही आहे. एस्तेरच्या पुस्तकातली शूशन नगरी, म्हणजे इराणमधले प्राचीन सूसा, हिचे नाव याच फुलावरून पडले असे ग्रीकांच्या काळापासून सांगितले जाते. ते नाव एलामी लोकांच्या भाषेतले आहे, सारखेपणा कानापुरताच.

बाकी युरोपची फेरी लवकर आटोपता येते. फ्रेंचांनी सुझान केले, चेक आणि स्लोवाक लोकांनी झुझाना, पोलंडच्या झुझान्नाला तर अलीकडे विलक्षण बरकत आली आहे, आणि हंगेरीत दोन्ही ‘झ’ आपल्याकडे नसलेल्या, घासून निघणाऱ्या उच्चाराचे आहेत. उत्तरेकडे डोके कापून शेपटी ठेवली: हॉलंड आणि डेन्मार्कमध्ये सान्ने, स्वीडन आणि फिनलंडमध्ये सान्ना. 2019 मध्ये चौतिसाव्या वर्षी फिनलंडच्या पंतप्रधान झालेल्या सान्ना मारीन यांचे नाव या अर्ध्या कमळाचे आहे. इंग्रजांनी उलट शेपटी कापली आणि सुझन केले. 1950च्या दशकात अमेरिकेत हे नाव मुलींच्या पहिल्या दहा नावांत होते. इंग्रजीत काळ्या मध्याच्या एका पिवळ्या फुलाला ‘काळ्या डोळ्यांची सुझन’ म्हणतात, म्हणजे फुलावरून बाईला आलेले नाव तिथे पुन्हा फुलाकडे गेले आणि कोणाच्या ध्यानातही आले नाही.

सिस्टरांच्या चार नावांचा उलगडा यातूनच होतो असे मला वाटते. नवापूर-नंदुरबारच्या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे मिशनरी आले त्यांत स्वीडिश मंडळी बरीच होती, आणि स्वीडिश भाषेत ‘झ’ हा उच्चारच नाही. मराठी शास्त्रात सुसान्ना, मिशनऱ्याच्या तोंडी सुसान्ना, म्हणून आजोबांनी दिलेले नाव स्वच्छ ‘स’चे राहिले. शिधापत्रिकेवरचा ‘सुजाना’ मात्र इंग्रजी सुझन ऐकलेल्या एखाद्या कारकुनाचा असणार. शाळेच्या गुरुजींनी जोडाक्षर टाळले आणि आधारवाल्याने काना खाल्ला. त्यांना कोणत्याही परभाषेची गरज पडली नाही.

हे सगळे सांगायला मी एका रविवारी सकाळी सिस्टरांना घरी बोलावले. टाकीतले एक फूल उमलले होते. मी पानाची खाच दाखवली, पद्मालयाच्या पानाचे सांगितले, नाईलचे सांगितले. त्या बराच वेळ पाण्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “सर, मत्तयात आहे ना, रानातील भूकमळे कशी वाढतात. ते लिलीच ना?” मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. शास्त्र मराठीत आणणाऱ्यांना युरोपातली लिली मराठी माणसापुढे ठेवायची होती, इथे तसे ओळखीचे फूल नव्हते, म्हणून त्यांनी जमिनीवरचे कमळ असा ‘भूकमळ’ हा शब्द योजला. इजिप्तमध्ये कमळ असलेला शब्द हिब्रूत पाण्याबाहेर पडून रानफूल झाला होता, युरोपात लिली झाला होता, आणि लिलीला मराठी करणाऱ्यांनी, शब्दाची मागची वंशावळ मनात असो वा नसो, त्याला पुन्हा कमळ केले होते. फक्त पाय जमिनीवर ठेवून. तीन महिने मी कोश उलगडत होतो आणि हे सिस्टरांना लहानपणापासून तोंडपाठ होते.

माझी आई ओट्यावर बसून सगळे ऐकत होती. तिला चौऱ्याऐंशी वर्षे झाली आहेत आणि सुसान्ना हे नाव तिच्या दातांच्या कवळीतून निघत नाही. तिने एवढेच विचारले, “म्हणजे हिनं नाव मन्ही सासूनंच शे का?” मी कुमुद आणि कमळ यांतला फरक सांगायला तोंड उघडले आणि मिटले. तेव्हापासून सिस्टर दारावरून जाताना दिसल्या की आई हाक मारते, “ये व कमय, बस.” त्या येतात आणि बसतात.

शपथपत्र टंकून आले तेव्हा त्यात पाचवे रूप होते. टंकलेखकाचे बोट चुकले होते आणि चारही नावांच्या खाली, ‘वर उल्लेखिलेली मी’ या शब्दांनंतर, ‘शुशान्ना’ असे छापले गेले होते. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीकांच्या वेशीवर गळालेले दोन्ही ‘श’ कोर्टाबाहेरच्या एका टेबलावर परत आले होते. मी सिस्टरांना म्हटले की खरे तर हेच रूप मुळाच्या सर्वांत जवळचे आहे. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि म्हणाल्या, “असू दे सर, दुरुस्तच करून आणते. पेन्शन अडकेल.”